आधी वॉट, मग पाणी

कस्टम वॉटर कूलिंगबद्दल आपल्याकडे दोनच पंथ आहेत. पहिला म्हणतो, "हे सगळे चोचले आहेत. लग्नाच्या मांडवासारखी लायटिंग करायची आणि लाखभर रुपये पाण्यात घालायचे." (अक्षरशः पाण्यात!) दुसरा म्हणतो, "मशीन तापतंय? अजून एक रेडिएटर लाव." माझं भांडण दोघांशीही आहे. पण आज जास्त दुसऱ्याशी आहे, कारण पहिला पंथ नुसता बोलतो, दुसरा खिशात हात घालायला लावतो.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी लूपच्या विरोधात नाही. माझ्या टेबलाशेजारी मिड टॉवर कॅबिनेटमध्ये मी स्वतः बांधलेला लूप चालू आहे आणि हे लिहिताना त्याचा आवाज मला ऐकू येत नाहीये. तरीही माझं म्हणणं असं की आपल्याकडे बांधले जाणारे बरेचसे लूप अशा उष्णतेसाठी बांधले जातात, जी मुळात तयारच व्हायला नको होती. आपल्याकडे म्हण आहे ना, दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला. (हल्या म्हणजे पाण्याची पखाल वाहणारा रेडा, शहरी मंडळींसाठी खुलासा :-)) इथे तर पखालही पाण्याचीच आहे. आता बोला!

मुद्द्याला येतो.

पाणी उष्णता मारत नाही. पाणी उष्णता फक्त इथून तिथे नेतं. प्रोसेसरवरून रेडिएटरवर, रेडिएटरवरून पंख्याच्या हवेत आणि तिथून तुमच्या खोलीत. लोकांच्या डोक्यात मात्र 'पाणी म्हणजे गार' हे समीकरण पक्कं बसलेलं असतं, आणि त्याला जबाबदार आहे आपला माठ. माठातलं पाणी खरंच खोलीपेक्षा गार होतं, कारण ते माठाच्या भिंतीतून पाझरतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. लूप बंद असतो. त्यातलं पाणी उडत नाही (उडत असेल तर गळतंय, धावा!). त्यामुळे लूपमधलं पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली कधीही जाऊ शकत नाही. कितीही महागडा रेडिएटर लावा, नाही म्हणजे नाही.

आता मे महिना आठवा. चंद्रपूर-नागपूरकडे बाहेर ४५ अंश असणं ही बातमीसुद्धा होत नाही. पुण्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारी खोलीत ३५ अंश सहज असतात. मग लूपचं पाणी ३५ पासूनच सुरुवात करणार. भार आला की ४५ वर बसणार. यूट्यूबवर थंड देशातला कुणी गृहस्थ २१ अंशांच्या खोलीत बसून जे तापमान दाखवतो, त्यात हे १४ अंश मिळवायचे असतात. ते मिळवायचं सोडून लोक 'माझा लूप नीट बसला नाही वाटतं' म्हणून थर्मल पेस्ट परत लावत बसतात.

खोलीचाही हिशेब करू. इंटेलचा कोअर आय९-१४९००के पूर्ण टर्बोवर २५३ वॉट घेतो, हा कंपनीनेच दिलेला आकडा. आरटीएक्स ४०९० ला ४५० वॉट. बेरीज ७०० च्या वर. म्हणजे घरातली साधी इस्त्री, तीसुद्धा थर्मोस्टॅट न तुटता सलग चालू. १० बाय १० च्या बंद खोलीत साधारण ३० किलो हवा असते. भिंती आणि फर्निचर काहीच उष्णता शोषत नाहीत असं धरलं, तर ही इस्त्री दर पाऊण मिनिटाला ती हवा एका अंशाने तापवेल. भिंती शोषतात म्हणून आपण वाचतो. पण शेवटी ते ७०० वॉट बाहेर काढतो एसी. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट. म्हणजे तुमच्या दीड टनाच्या एसीचा सातवा-आठवा हिस्सा एका कॅबिनेटसाठी राबतोय, आणि त्या राबण्याची वीज वेगळी. मशीनचं स्वतःचं गणित तर सोपं आहे: पूर्ण भारावर रोज ५ तास, म्हणजे महिन्याला १०५ युनिट. महावितरणच्या बिलात १०० युनिटांनंतर दर कुठे उडी मारतो ते ज्याचं त्याला माहीत असेलच.

या सगळ्यात पाण्याने काय बदललं? काहीही नाही. ७०० वॉट हवेने काढा, पाण्याने काढा, नाहीतर मंत्र म्हणून काढा, खोलीत ७०० च येणार. (पाण्याने काढले तर पंपाचे १०-२० वॉट वर.)

मग प्रश्न असा पडायला हवा की हे ७०० आले कुठून? हा प्रश्न आपण विचारतच नाही, आणि माझा खरा राग इथे आहे.

चिपचा वीजवापर ढोबळमानाने फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग, असा वाढतो. फ्रिक्वेन्सी वाढवायची तर एका मर्यादेनंतर व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा शेवटचा ५ टक्के वेग काढण्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवलं. १.०५ गुणिले १.२१ म्हणजे १.२७. पाच टक्के वेगासाठी २७ टक्के जास्त वीज! कुठल्याही शहाण्या माणसाने हा सौदा केला नसता. पण चिप कंपन्या करतात. कारण रिव्ह्यूच्या आलेखात आपली पट्टी शेजाऱ्याच्या पट्टीपेक्षा दोन मिलिमीटर लांब दिसली पाहिजे. त्या दोन मिलिमीटरचं भाडं कोण भरतं? तुम्ही आणि मी. आधी वीजबिलात, मग एसएमपीएसमध्ये, मग रेडिएटरमध्ये.

पूर्वी ओव्हरक्लॉकिंग हा हौशी लोकांचा उद्योग होता. कंपनी चिपमध्ये जागा सोडायची, आपण ती भरायचो. आता कंपनीच आपल्या आधी ओव्हरक्लॉक करून पाठवते आणि आपण नुसतं कूलिंगचं ओझं उचलतो. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स २०२२ मध्ये आला तो १७० वॉटच्या पाटीचा, प्रत्यक्षात सॉकेटमधून २३० वॉट घेणारा. तो मुळात ९५ अंशांपर्यंत जाईल असाच बनवलाय. म्हणजे चांगला कूलर लावला की तो गार राहत नाही, तो अजून वीज ओढून परत ९५ च्या दिशेने निघतो. शिवाय त्यातले कोअर बसतात साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या दोन तुकड्यांत, वर जाड धातूचं झाकण. उष्णता त्या नखाएवढ्या जागेतून झाकणात यायलाच अडते. पुढे पाण्याची कृष्णा-गोदावरी वाहत असली तरी उगमाशी चिंचोळी मोरीच आहे.

आणि यावर उपाय काय? त्याच प्रोसेसरच्या बायोसमध्ये 'इको मोड' नावाचा पर्याय आहे. १०५ वॉटचा निवडला की सॉकेटची मर्यादा २३० वरून १४२ वॉटवर येते आणि बहुतेक कामांत वेग काही टक्क्यांनीच घटतो. ६५ चा निवडला तर मर्यादा ८८ वॉट. तिथे सगळे कोअर वापरणाऱ्या कामात फरक जाणवतो, पण एकेका कोअरच्या रोजच्या कामात फारसा नाही. किंमत शून्य रुपये, वेळ दोन मिनिटं. इंटेलवर हेच पीएल१ आणि पीएल२ या नावांनी मिळतं. ग्राफिक्स कार्डावर पॉवर लिमिटचा स्लायडर असतो. ४०९० ला ७० टक्क्यांवर आणलं की ४५० चे ३१५ वॉट होतात आणि बहुतेक खेळांत नुकसान एक आकडी टक्क्यांतच राहतं. हे मी शोधून काढलेलं गुपित नाही, कार्ड आल्यापासून लोक मोजून दाखवताहेत. पण रेडिएटर विकणारा हे कशाला सांगेल?

यावर हापिसातल्या एका मित्राचं ठरलेलं उत्तर असतं, "अरे, मग एवढं महाग कार्ड घेतलंस कशाला? फेरारी घेऊन चाळीसने चालवणार का?" ऐकायला बिनतोड आहे, पण गणितात नापास. फेरारी चाळीसने नाही, तीनशेच्या ऐवजी दोनशे पंच्याऐंशीने चालवतोय मी, आणि पेट्रोल तीस टक्के वाचवतोय. शिवाय महाग कार्ड घेण्यात खरा फायदा असतो तो जास्त कोअर आणि जास्त मेमरीचा. मोठी चिप आरामात चालवली की ती लहान चिप पिळून काढण्यापेक्षा कमी विजेत जास्त काम करते. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी कुणी कार्ड घेत नाही, ते पाच टक्के आपल्या गळ्यात बांधले जातात.

आणि हे फक्त बिलापुरतं नाही, टिकण्याचाही प्रश्न आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं काय झालं ते आठवा. मशीन अचानक बंद पडायची, गेम कोसळायचे. शेवटी कंपनीने मान्य केलं की चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्यातून कायमची झीज होत होती. बायोस अपडेट आले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. कितीतरी मदरबोर्ड तर मूळ वीजमर्यादाही न पाळता सर्रास मोकाट सोडलेले होते. त्या लोकांपैकी कित्येकांकडे भारी लूप असणारच. पाण्याने तापमान उतरतं, व्होल्टेज नाही उतरत. तीच गोष्ट ४०९० च्या वितळलेल्या कनेक्टरांची, २०२२ पासून चघळली गेलेली. ४५० वॉट १२ व्होल्टवर म्हणजे ३७ अँपिअरच्या वर करंट, त्या इवल्याशा पिनांमधून. कार्डाच्या चिपवर वॉटरब्लॉक बसवता येतो, केबलच्या टोकावर नाही. ३१५ वॉटवर तोच करंट २६ वर येतो. आरटीएक्स ५०९० तर २०२५ मध्ये थेट ५७५ वॉट घेऊन आलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

ज्यांना वाटतं की मी काहीतरी नवीन शहाणपण सांगतोय, त्यांनी जरा इतिहास बघावा. जून २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्जने पॉवर मॅक जी५ दाखवताना सांगितलं की वर्षभरात ३ गिगाहर्ट्झ गाठू. वर्ष झालं, जून २००४ उजाडला, ३ काही आलं नाही. आलं ते अडीच गिगाहर्ट्झ, आणि तेसुद्धा पेटीत लिक्विड कूलिंग घालून. त्यातल्या काही मशीनमधून पुढे कूलंट गळलं हेही जगजाहीर आहे. पण महत्त्वाचं काय तर जून २००५ मध्ये अ‍ॅपलने पाणी वाढवलं नाही, प्रोसेसरच बदलला. इंटेलकडे जाताना कारण काय दिलं? एका वॉटमागे मिळणारं काम. तिकडे इंटेलची स्वतःची अवस्था वेगळी नव्हती. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांनी ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला, उष्णतेच्या भिंतीवर डोकं आपटून झालं होतं. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला, ६५ वॉटचा, आणि त्याने पेंटियम ४ ला लोळवलं. दोन्हीकडे पाणी किंवा मोठा पंखा ही तात्पुरती मलमपट्टी होती. सुटका झाली ती वॉट कमी केल्यावर. वीस वर्षांनी आपण पुन्हा मलमपट्टीच्याच दुकानात रांगेत उभे आहोत, आणि यावेळी हौसेने.

आता तुम्ही म्हणाल, "पण डेटा सेंटरमध्ये पण पाणीच वापरतात की!" वापरतात. एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ सारखं एकच रॅक १२० किलोवॉटच्या घरात जातं, ते हवेने काढणं व्यवहार्य नाही. आपल्या पुण्यात पाषाणला आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्म महासंगणकातही उष्णता थेट द्रवाने काढायची सोय आहे. पण तिथे पाणी ती उष्णता इमारतीबाहेर नेतं. तुमचा रेडिएटर तुमच्याच खोलीत, तुमच्याच पायाशी आहे. नदीकाठच्या पंपहाऊसचं नाव सांगून घरात हंडा उपडा करू नये. आणि तिथले लोक प्रत्येक वॉटचा हिशेब ठेवतात, एका वॉटमागे किती काम झालं यावर त्यांची क्रमवारी लागते. डेटा सेंटरची नक्कल करायचीच तर त्यांची चिकित्सा घ्या, नुसत्या नळ्या कशाला घेताय?

असो. आता पहिल्या पंथाकडे वळतो, 'सगळे चोचले आहेत' वाल्यांकडे. कारण वॉट कमी करा म्हटलं की ते लगेच खूश होतात, "बघ, म्हणजे चार-पाच हजारांचा एअर कूलर पुरतो ना?" हो, प्रोसेसरला पुरतो. १४२ वॉटच्या प्रोसेसरला दोन टॉवरवाला चांगला एअर कूलर निवांत पुरतो. रायझन ७ ७८००एक्स३डी सारखा प्रोसेसर तर खेळताना त्याच्या निम्मीही वीज घेत नाही, त्याच्यासाठी लूप म्हणजे मच्छर मारायला तोफ. फक्त प्रोसेसरसाठी कस्टम लूप बांधणाऱ्याची बाजू मीही घेणार नाही.

पण ग्राफिक्स कार्डाचं तसं नाही. तिथे ३०० वॉट खरोखर कामाचे असतात. चिप मोठी असते, वर झाकण नसतं, पाण्याचा थेट स्पर्श होतो, आणि तिथे पाणी जे करतं ते हवेला शांतपणे जमत नाही. मला लूपमधून पाहिजे होती शांतता. ज्या खोलीत दिवसभर काम, मीटिंगा आणि रात्री झोप असं सगळंच होतं, तिथे मशीनने विमानासारखं उडायला लागू नये एवढी अपेक्षा चोचला कशी? घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला पंख्याच्या घरघरीने संध्याकाळपर्यंत डोकं कसं उठतं ते माहीत आहे.

आणि दुसरं, दुरुस्ती. बाजारात मिळणारे सीलबंद वॉटर कूलर घ्या. पाच-सहा वर्षांत पंप थकला किंवा आतलं पाणी नळीतून झिरपून कमी झालं, की बहुतेक मॉडेलमध्ये करता काहीच येत नाही, अख्खी वस्तू भंगारात. कस्टम लूपमध्ये पंप गेला तर पंप बदला, रबरी रिंग गेली तर दहा-वीस रुपयांची रिंग बदला. उघडता येणारी वस्तू वापरणं ही माझ्या मते सवयच लावून घेण्यासारखी आहे. आपण सॉफ्टवेअरवाले दिवसभर अशा गोष्टींशी खेळतो ज्यांना हात लावता येत नाही. आठवड्यातून एकदा पाना हातात धरला तर बिघडत नाही.

तर प्रश्न मिड टॉवरचा. इथेच दोन्ही पंथ चुकतात. एक म्हणतो मिड टॉवरमध्ये लूप जमतच नाही, मोठा डबा घे. दुसरा त्याच डब्यात तीन रेडिएटर कोंबतो. हिशेब करा की राव! शांत पंख्यांवर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर साधारण १०० वॉट काढतो, पाणी खोलीपेक्षा १० अंश गरम धरून. हा ढोबळ नियम आहे, पण उपयोगी आहे. मिड टॉवरमध्ये वर ३६० आणि पुढे ३६० किंवा २४० बसतो. म्हणजे पाच-सहा पंखे, कागदावर ५०० ते ६०० वॉट. त्यातही पुढच्या रेडिएटरने तापवलेली हवाच वरच्याला मिळते, म्हणजे आकडा अजून खाली. ७०० वॉटचं मशीन इथे बसवलं की पंखे बोंबलणार आणि तुम्ही म्हणणार 'केस लहान पडली'. केस लहान नाही पडली, वॉट जास्त पडले. १४२ आणि ३१५, बेरीज ४५७. तोच डबा, तेच रेडिएटर, आणि आता पंखे कुजबुजतात. मिड टॉवर ही मर्यादा आहे म्हणूनच चांगली आहे, ती तुम्हाला हिशेब करायला भाग पाडते.

हिशेब झाला आणि तरीही बांधायचाच असेल, तर बांधताना चालणारे काही गैरसमजही इथेच निकालात काढतो.

१. "आधी प्रोसेसर की आधी कार्ड, क्रम कसा लावू?" कसाही लावा. एका मिनिटाला ४ लीटर पाणी फिरत असेल तर ५०० वॉटने ते एका फेरीत दोन अंशही तापत नाही. चौथीतलं विशिष्ट उष्णतेचं नाही, पण नववीतलं गणित आहे, करून बघा. जिथे नळी सर्वात कमी वळते तो क्रम बरोबर. फक्त टाकी पंपाच्या वर पाहिजे, पंप कोरडा चालता कामा नये.

२. "कडक नळ्याच पाहिजेत, काचेसारख्या." फोटोला पाहिजेत. मिड टॉवरमध्ये उद्या रॅम बदलायची झाली तर मऊ नळी बाजूला सरकते, कडक नळीला लूप रिकामा करावा लागतो. त्यातून पीईटीजीची कडक नळी साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. आपल्या उन्हाळ्यात पंप बंद पडला तर पाणी तिथवर जायला वेळ लागत नाही. स्वस्त पारदर्शक मऊ नळीतून प्लास्टिसायझर सुटून ब्लॉकच्या बारीक खाचांत चिकटतं. काळी ईपीडीएम रबराची नळी दिसायला अगदी स्कूटरच्या पेट्रोलच्या नळीसारखी, पण वर्षानुवर्षं निमूट काम करते.

३. "दुधाळ गुलाबी कूलंट काय दिसतं!" तेरड्याचा रंग तीन दिवस. त्यातले रंगाचे कण खाली बसतात आणि ब्लॉक तुंबवतात. डिस्टिल्ड वॉटर, गंजरोधक आणि शेवाळरोधक, किंवा हे सगळं घातलेलं तयार पारदर्शक द्रावण. बॅटरीवाल्याकडचा पाच लीटरचा कॅन धुवायला ठीक, नुसता तोच भरून वर्षभर विसरायचं नाही.

४. धातूंची सरमिसळ नको. तांब्याचा किंवा निकेल चढवलेला ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात ठेवले की तुम्ही कूलिंग नाही, बॅटरी बांधलीत. अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. स्वस्तात मिळाला म्हणून रेडिएटर उचलताना धातू विचारा.

५. सर्वात खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवा. टी फिटिंग आणि एक व्हॉल्व्ह, बास. फोटोत दिसत नाही म्हणून लोक ती गाळतात, आणि मग वर्षभराने पाणी बदलायच्या दिवशी कॅबिनेट आडवं करून बाथरूममध्ये कसरत करतात.

६. पाणी भरण्याआधी हवेच्या पंपाने दाब देऊन गळती तपासा. अर्धा बार पुरे. काटा अर्धा तास जागचा हलला नाही तर पाणी भरा, आणि पहिल्या वेळी फक्त पंपाला वीज द्या, बाकी मदरबोर्ड-कार्ड कोरडी. यात कंटाळा करू नका.

७. कॅबिनेटमध्ये हवा खेळू द्या. एअर कूलर काढला की व्हीआरएम, रॅम आणि एसएसडीवरून जाणारी फुकटची झुळूकही जाते. प्रोसेसर ६० वर आणि एसएसडी ८० वर, याला कूलिंग म्हणत नाहीत.

यात दिव्यांचं एकही कलम नाही हे लक्षात आलं असेलच. दिवे लावा बापडे, दिव्यांशी माझं वैर नाही. पण दिवे शेवटी.

आता पैशाचं बोलू, कारण खरं दुखणं तिथे आहे. दोन ब्लॉक, दोन रेडिएटर, पंप आणि टाकी, सहा-आठ पंखे, बारा-पंधरा फिटिंग. फिटिंग ही गोष्ट अशी आहे की एकेक घेताना किरकोळ वाटते आणि बिल बघताना छातीत कळ येते. सगळं मिळून लाखाच्या आसपास सहज जातं, कारण हा माल बहुतेक आयात होतो. लॅमिंग्टन रोडला गेलात तरी चार दुकानांत मिळून अर्धे भाग मिळतात, बाकीचे ऑनलाइन. त्यात कार्डाचा ब्लॉक फक्त त्या एका मॉडेलच्या बोर्डाला बसतो. पुढचं कार्ड, पुढचा ब्लॉक. आणि कार्डाचा मूळ कूलर काढला की वॉरंटीवरून विक्रेता हात वर करणार का, हे आधी लेखी विचारून घ्या.

पहिल्या-दुसऱ्या नोकरीतली पोरं हे सगळं नो-कॉस्ट ईएमआयवर उचलतात. ज्याचा त्याचा पैसा, ज्याची त्याची हौस, मला काय करायचंय? पण हौस म्हणून घेतलेलं आणि 'घ्यावंच लागतं' म्हणून गळ्यात मारलेलं यात फरक आहे. आधी चिप वाजवीपेक्षा जास्त तापवून विकायची, मग मोठा एसएमपीएस विकायचा, मग मोठा रेडिएटर, मग तो बसावा म्हणून मोठं कॅबिनेट. प्रत्येक पायरीवर आपल्याला वाटतं की आपण 'अपग्रेड' करतोय. प्रत्यक्षात आपण पहिल्या पायरीवरच्या त्या दोन मिलिमीटरच्या पट्टीचे हप्ते फेडतोय.

आणि सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला लागावं याचंच जास्त वाईट वाटतं. क्वेरी हळू चालते म्हणून आधी इंडेक्स बघायच्या ऐवजी थेट सर्व्हर दुप्पट करणाऱ्याला आपण काय काय बोलतो! कोड रिव्ह्यूमध्ये त्याची पिसं काढतो. आधी मोज, कुठे जातंय ते बघ, मग खर्च कर, हा आपला धंद्याचा पहिला धडा. घरी येऊन मात्र स्वतःच्या मशीनसाठी आपण तोच सर्व्हर-दुप्पटवाला होतो, आणि वर त्यातून वाहणाऱ्या निळ्या पाण्याचा फोटो काढतो.

म्हणून एकच मागणं आहे. रेडिएटरची ऑर्डर देण्याआधी एक शनिवार-रविवार द्या. प्रोसेसर इको मोडवर किंवा मर्यादा लावून चालवा, कार्ड ७० टक्क्यांवर आणा. तुमचं रोजचं काम करा, तुमचा रोजचा गेम खेळा. बिल्डला लागणारा वेळ, फ्रेम, तापमान आणि भिंतीवरच्या प्लगमधली वीज, चारही आकडे आधीचे आणि नंतरचे कागदावर लिहा. वीज मोजायचा प्लग हजाराच्या आत-बाहेर मिळतो, अख्ख्या लूपमधल्या एखाद्या वळणाच्या फिटिंगएवढा. रविवारी रात्री त्या कागदाकडे बघून तक्रार उरली नसेल तर लाख रुपये वाचले, त्यातून चांगली खुर्ची घ्या, पाठ दुआ देईल. आणि तरीही पंख्याचा आवाज छळतच असेल, तर खुशाल लूप बांधा, मिड टॉवरमध्येच बांधा, काळ्या नळ्यांचा बांधा. तेव्हा तुम्हाला नक्की माहीत असेल की ते पाणी कशासाठी फिरतंय.